दहा 'नाहीं'चा विग्रह

एक स्टीलची पट्टी. एका कडेला सेंटिमीटर, दुसऱ्या कडेला इंच. दीड इंचाच्या खुणेवरचा काळा रंग बोटाने घासून घासून उडालेला.

*

उत्तरेकडच्या भिंतीवर सहा वर्षांपूर्वी तळहाताएवढा हिरवा डाग होता. आता तो खिडकीच्या चौकटीला टेकला आहे. त्याच्या कडेने खडूने मारलेल्या तेवीस रेषा आहेत, प्रत्येकीपुढे तारीख.

*

तीन वर्षांच्या एका मुलीची अशी समजूत आहे की प्रबंध हे आईचे काका असून ते कॉम्प्युटरमध्ये राहतात, आणि त्यांचं सारखं काहीतरी दुखत असतं.

*

खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीला निळा रुमाल बांधलेला आहे. खोलीत संशोधक बारा आहेत आणि खिडकी एक.

*

काचेवर चिकटवलेला कागद: 'डावा समास दीड इंच. अपवाद नाही.' खाली सही.

*

टेबलाचा सगळ्यात खालचा खण पुरता बंद होत नाही. आत दोनशे दहा पानं आहेत, सुतळीने बांधलेली.

*

कपाटातल्या फायलींच्या रांगेत दोन बोटं रुंद जागा रिकामी आहे. तिथे धूळ नाही.

प्रकरण पहिलं : समस्येचं विधान

सकाळी साडेअकराला संशोधन कचेरीच्या तीन नंबरच्या खिडकीतून एक कागद बाहेर आला आणि बाहेर उभ्या असलेल्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

या बाईंना सगळं विद्यापीठ शेवाळताई म्हणायचं. भिंतीवरचं शेवाळ कसं वाढतं आणि कुठे पोहोचल्यावर थांबतं, यावर त्यांची पीएच.डी. चालली होती. ती आज संपायची होती. काखेत प्रबंधाच्या पाच प्रती होत्या, तपकिरी बांधणीच्या, पाठीवर सोनेरी अक्षरं. पिशवीत अकरा कचेऱ्यांनी सही करून दिलेला 'आमची हरकत नाही' असा कागद होता. त्या अकरांत क्रीडा विभागही होता. तो कुठे आहे हे त्यांना सही घ्यायला गेल्यावर कळलं. उचललेले उतारे शोधणाऱ्या यंत्राने नऊ टक्के साम्य दाखवलं होतं, आणि त्यातले चार टक्के त्यांच्याच जुन्या लेखाशी होते. थोडक्यात, सगळं झालं होतं. एक शिक्का तेवढा राहिला होता.

खिडकीतून आलेल्या कागदावर हे होतं:

सहामाही पहिली ते सहावी, प्रत्येकीपुढे: समाधानकारक नाही
सातवी: समाधानकारक आहे
आठवी ते अकरावी, प्रत्येकीपुढे: समाधानकारक नाही
बारावी: समाधानकारक

"बारावीला शाई संपली असेल," खिडकीतले दोनबोटे म्हणाले. दोनबोटे हे त्यांचं आडनाव नव्हतं, टायपिंगची पद्धत होती.

पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे दर सहा महिन्यांनी एक प्रगतीचा फॉर्म असतो. त्यात गाईड आपलं मत लिहितो. लागोपाठ दोनदा मत वाईट आलं तर नोंदणी रद्द, असा नियम. हा नियम फार जुना, पण आजवर त्याचा कुणाला काच झाला नव्हता, कारण फॉर्म भरायचे असतात, वाचायचे नसतात, असं सगळेच धरून चालले होते. गेल्या महिन्यात दोनबोट्यांनी सगळ्या विभागांच्या फायली आणून जुने फॉर्म कॉम्प्युटरवर चढवले, फायली परत केल्या, आणि कॉम्प्युटर बिचारा नवखा, त्याने ते वाचले. आता रद्द व्हायच्या नोंदण्यांची यादी तयार होती आणि ती आज संध्याकाळी पाचला कुलसचिवांच्या सहीला जाणार होती. सही झाली की त्याच विषयात पुन्हा नोंदणी मिळत नाही. म्हणजे पाच वाजून एक मिनिटाने शेवाळताईंच्या काखेत पाच वह्या उरणार होत्या, छान बांधलेल्या.

दोनबोट्यांनी उपाय सांगितला. मूळ फाईल विभागाच्या कपाटात असेल, ती घेऊन या. कागद दिसला तर कॉम्प्युटरचं कोण ऐकतंय.

शेवाळताई पळत गेल्या आणि पंधरा मिनिटांनी चालत परत आल्या. कपाटात फाईल नव्हती.

चार नंबरच्या खिडकीतून हे सगळं समासबाई ऐकत होत्या.

प्रकरण दुसरं : संशोधकाची ओळख

समासबाईंचं काम एकच. विद्यापीठात येणाऱ्या प्रत्येक प्रबंधाचं प्रत्येक पान पट्टीने मोजायचं. डावा समास दीड इंच, बाकी तीन बाजूंनी एक. प्रबंधात काय लिहिलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. एकदा एका विद्वानांनी विश्वाच्या उत्पत्तीवरचा प्रबंध आणला होता. तो त्यांनी सव्वा इंचावरून परत पाठवला. शेवाळताईंचा प्रबंधही त्यांनी दोनदा परत केला होता, दोन्ही वेळा पान एकशे त्रेचाळीसवरून. तिसऱ्या खेपेला, परवाच, त्यावर त्यांचा गोल शिक्का बसला होता.

आणि हाच त्यांना डिवचणारा मुद्दा होता. त्यांचा शिक्का बसलेला प्रबंध गेल्या सतरा वर्षांत परत गेलेला नव्हता.

त्यांनी खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी उलटवली, पट्टी पर्समध्ये टाकली आणि बाहेर आल्या. शेवाळताई बाकावर बसून पाचही प्रती मांडीवर घेऊन समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. भिंत दक्षिणेची होती. तिच्यावर काहीच उगवलं नव्हतं.

"रडायचं असेल तर पाचनंतर रडा," समासबाई म्हणाल्या. "आत्ता मला सांगा, तुमच्या वाईटावर कोण आहे?"

शेवाळताईंनी बराच विचार केला आणि अगदी प्रामाणिकपणे तीन नावं सांगितली. सहा वर्षांच्या मानाने तीन फार नव्हेत.

प्रकरण तिसरं : नमुना निवड, अर्थात संशयित

पहिल्या विभागप्रमुख मॅडम.

यांचा राग भिंतीवर होता. उत्तरेकडची ती भिंत विभागाच्या दर्शनी बाजूला येते. मूल्यांकन समिती येण्याआधी ती घासून रंगवावी असं मॅडमना सहा वर्षं वाटत होतं, आणि सहा वर्षं शेवाळताई खडू घेऊन भिंतीला पाठ लावून उभ्या राहत होत्या. समितीने मागल्या खेपेला 'परिसर ओलसर' असा शेरा मारला होता. मॅडमनी तो समासबाईंना पाठ म्हणून दाखवला.

कपाटाची किल्ली मॅडमच्या टेबलावरच्या पेन्सिलींच्या डब्यात असते आणि हे विभागातल्या सगळ्यांना, बहुधा पेन्सिलींनाही, माहीत होतं. फाईलला आपण दर सहामाहीला एकदाच हात लावतो, त्यात एकच शब्द लिहितो आणि सही करतो, असं मॅडमनी सांगितलं. समासबाई पुढचं विचारणार तेवढ्यात रंगाऱ्याचा फोन आला. मॅडमनी त्याला उद्या सकाळी यायला सांगितलं आणि फोन ठेवताना इतक्या प्रसन्न हसल्या की समासबाईंना त्या एकदम संशयास्पद वाटल्या.

दुसरा दीर्घायू.

हा नऊ वर्षं पीएच.डी. करत होता. मुदतवाढीचे सगळे अर्ज करून झाल्यावर त्याने मुदतवाढीच्या अर्जाचा नवा नमुना विद्यापीठाला सुचवला होता आणि तो मंजूर झाला होता. त्याला खिडकीजवळची खुर्ची हवी होती. तिच्या पाठीला बांधलेला निळा रुमाल शेवाळताईंचा होता.

समासबाईंनी त्याला त्याचा स्वतःचा अहवाल काढून आणायला लावला. अठरा सहामाह्या, अठराच्या अठरा 'समाधानकारक आहे'.

"तुम्ही आजवर लिहिलंत किती?"

"अकरा पानं," दीर्घायू म्हणाला. "त्यातलं एक अर्पणपत्रिकेचं."

मग तो समजावणीच्या सुरात बोलायला लागला. दर सहामाहीत त्याला रजा घ्यावी लागे. मामेबहिणीचं लग्न, आतेभावाचं लग्न, मग त्या दोघांच्या घरची बारशी. आपलं गोत फार मोठं आहे, असं तो जरा अभिमानाने म्हणाला. "बाई, मला कुणाची फाईल पळवायला वेळ नाही असं म्हणणार नाही मी. वेळ भरपूर आहे. उरक नाही. फाईल पळवायची तर आधी अर्ज करावासा वाटेल मला."

हे पटण्यासारखं होतं. तरीही अकरा पानांना अठरा 'आहे' आणि दोनशे सहा पानांना दहा 'नाही', हा हिशेब समासबाईंच्या डोक्यात काट्यासारखा सलत राहिला.

तिसरे गाईड. यांना ठीकसर म्हणत.

शेवाळताईंनी सहा वर्षांत त्यांना प्रबंधाची पाच प्रकरणं वाचायला दिली. पहिल्यावर शेरा आला 'ठीक'. दुसऱ्यावर 'ठीक'. तिसऱ्यावर 'ठीक आहे', त्या दिवशी शेवाळताईंनी पेढे वाटण्याऐवजी घरी जाऊन झोप काढली. चौथ्यावर 'पाहू'. पाचवं अजून त्यांच्या टेबलावर होतं, वर चहाच्या कपाचा गोल. ठीकसर दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि शेवाळताई त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनी होत्या.

रोज या वेळी ठीकसर कॅन्टीनमध्ये असत. आज त्यांच्या खोलीला आतून कडी होती. समासबाईंनी तीनदा ठोठावल्यावर दार चार बोटं उघडलं आणि त्या फटीत सरांचा चष्मा दिसला.

शेवाळताईंच्या अहवालांत 'नाही' आलंय हे ऐकून सर खरोखरच चमकले.

"शक्यच नाही. मी बाराच्या बारा फॉर्मवर 'समाधानकारक' लिहिलंय. एवढा एकच शब्द लिहितो मी, कुणाच्याही फॉर्मवर. 'नाही' लिहायला लागलं तर पुढे कारण लिहावं लागतं."

"आणि फाईल?"

"नंतर बोलू," ठीकसर म्हणाले आणि दार लागलं.

सहा वर्षांत प्रथमच ते 'ठीक' किंवा 'पाहू' यातलं काहीच म्हणाले नव्हते.

प्रकरण चौथं : यादी

अडीच वाजता समासबाई दोनबोट्यांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि पाचला सहीला जाणारी ती यादी त्यांनी मागून घेतली.

त्यांना वाटलं होतं तीत एक नाव असेल.

तीत त्रेचाळीस होती.

त्यांनी एकेक नाव वाचलं. सगळी ओळखीची निघाली. हा तो मुलगा, ज्याने पहिल्याच खेपेला दीड इंच आणला होता. ही ती, जी संशोधकांच्या खोलीला कुलूप लागलं तरी जिन्यात बसून लिहायची. हे ते गृहस्थ, जे पायाला प्लॅस्टर घालून सर्वेक्षणाला गेले होते. चांगले, नियमित, सकाळी दहाला येऊन सहाला जाणारे त्रेचाळीस लोक. दीर्घायूचं नाव यादीत नव्हतं. दीर्घायूसारख्या कुणाचंच नव्हतं.

दोनबोटे म्हणाले, कुलगुरू खूश आहेत, आता कुठे विद्यापीठात गुणवत्ता आली असं म्हणाले.

समासबाईंनी यादी पुन्हा वरपासून वाचली. एका बाईच्या वाईटावर तीन माणसं असू शकतात. पण त्रेचाळीस जणांचा, आणि तोही निवडून निवडून कष्टाळू त्रेचाळीस जणांचा दावा धरणारा माणूस आणायचा कुठून? एवढं वैर करायचं तर पूर्णवेळ नोकरी सोडावी लागेल.

सकाळपासूनचा सगळा तपास पाण्यात गेला होता आणि घड्याळात पावणेतीन झाले होते.

प्रकरण पाचवं : फोन

शेवाळताईंचे वडील निवृत्त मास्तर. शाळेत भाषा शिकवायचे. त्यांचा दर रविवारी फोन यायचा आणि ते दोनच शब्द बोलायचे: झालं का? आज रविवार नव्हता, पण आज व्हायचं होतं, म्हणून त्यांनी मधल्या वारी फोन केला. शेवाळताईंच्या हातांत प्रती असल्याने त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"झालं का?"

"नाही हो बाबा." आणि त्यांनी कागद वाचून दाखवला, एका दमात, रडू येऊ नये म्हणून.

मास्तरांना दुःख झालं असावं, पण आधी त्यांना वाक्य खटकलं होतं.

"अगं, पण काय नाही?"

"बाबा, प्रगती समाधानकारक नाही."

"तसं कुठे लिहिलंय? 'प्रगती' शब्द आहे का कागदावर? तू मला 'समाधानकारक नाही' एवढंच वाचलंस. कर्त्यावाचून 'नाही' कुणाचं ते कसं ठरवणार? आणि शेवटच्या ओळीत तर तेही नाही. नातीला तरी शाळेत पाठवा लौकर, व्याकरण शिकेल." मग आवाज जरा खाली आला. "जेवलीस का?"

शेवाळताई नाही म्हणाल्या. हे 'नाही' मात्र पुरतं स्पष्ट होतं.

समासबाईंनी तोवर कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला होता. त्या बारावी ओळ बघत होत्या. सकाळपासून सगळ्यांनी जिला शाई संपल्याची ओळ म्हणून सोडून दिलं होतं, ती. त्यांनी पर्समधून पट्टी काढली, ओळीवर ठेवली आणि 'समाधानकारक' हा शब्द मोजला. मग अकरावीतला मोजला. शब्द सारखेच होते. पण अकरावीत दोन शब्दांच्या मधली जागा नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट होती.

"दीर्घायूला अठरा 'आहे'," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग वर बघून म्हणाल्या, "सातव्या सहामाहीत तुम्ही काय केलंत?"

"काहीच नाही. मुलगी झाली तेव्हा. सहा महिने आलेच नाही मी. ती आता प्रबंधाला माझे आजारी काका समजते."

"म्हणजे सहा वर्षांत एकदाच समाधानकारक 'आहे', आणि तेही तुम्ही काहीच केलं नाहीत तेव्हा."

समासबाई चक्क हसल्या. कचेरीत हे कुणी पाहिलं असतं तर खिडकीपुढे गर्दी जमली असती.

प्रकरण सहावं : विग्रह

विभागप्रमुख मॅडम रंगाच्या छटांचं पुस्तक बघत होत्या.

"मॅडम, फाईलमध्ये दर सहामाहीला तुम्ही एकच शब्द लिहिता म्हणालात. शेवाळताईंच्या फाईलमध्ये दहा वेळा तो 'नाही' होता का?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

दाराशी उभ्या असलेल्या शेवाळताईंच्या हातातली एक प्रत खाली पडली.

"कशापुढे लिहिलंत?"

"रजेपुढे. हजेरीपट बघते आणि लिहिते. रजा: नाही. त्या बाईने कधी रजा घेतली असती तर भिंत नसती का मी रंगवून घेतली?"

पुढचं समासबाईंनी तिथेच, मॅडमच्या छटांच्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने मांडून दाखवलं. फॉर्मवर शेजारी शेजारी दोन रकाने. एकात गाईड लिहितो 'समाधानकारक', पुढे 'आहे' लिहायचाही त्याला कंटाळा. शेजारच्यात विभागप्रमुख लिहितात रजा 'आहे' किंवा 'नाही'. कॉम्प्युटरवर चढताना मधली रेघ गेली आणि 'रजा' हा मथळाही गेला. दोन परके शब्द शेजारी आले आणि नवराबायकोसारखे एकत्र वावरायला लागले. जो रोज आला त्याची रजा नाही, म्हणून तो समाधानकारक नाही. जो सारखा लग्नाला गेला त्याची रजा आहे, म्हणून तो समाधानकारक आहे.

"शाळेत समासाचा विग्रह करायचो ना आपण? एक शब्द द्यायचे, आणि तो मुळात कोणते दोन होते ते सांगायचं. तेच आहे हे. 'नाही' कुणी लिहिलं ते मी सकाळपासून शोधत होते. कशाचं लिहिलं ते विचारायला हवं होतं."

मॅडमनी आपल्यापरीने शंका काढली. हे सगळं बरोबर असेल, पण कुलसचिव छटांच्या पुस्तकावरून यादी रद्द करणार नाहीत. त्यांना मूळ कागद लागेल. आणि कागद कुणाकडे आहे हे तर अजून...

"ते मला दुपारपासून माहीत आहे," समासबाई म्हणाल्या. "फक्त ऐकू आलं नव्हतं."

प्रकरण सातवं : बारावा फॉर्म

या वेळी त्यांनी ठोठावलं नाही. दाराच्या फटीला तोंड लावून त्या म्हणाल्या, "सर, सहामाह्या अकराच झाल्यात. बारावी संपायला अजून महिना आहे. तुम्ही बाराच्या बारा फॉर्मवर लिहिलंत म्हणालात. बारावा कधी लिहिलात?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कडी निघाली.

फाईल खुर्चीवरच्या उशीखाली होती. ठीकसरांनी ती स्वतःच काढून दिली. बारा फॉर्म, बारा 'समाधानकारक', बारा सह्या, एकाच पेनाच्या, एकाच झोकाच्या, जणू एका बैठकीत गायल्यासारख्या. त्या एका बैठकीतच केलेल्या होत्या, सहा वर्षांपूर्वी, शेवाळताईंच्या प्रवेशाच्या दिवशी. तारखा नंतर मॅडमच्या विभागात पडत गेल्या. बाराव्यावर तारीख नव्हती आणि रजेचा रकानाही कोरा होता.

सरांनी सांगितलं की त्यांनी हे चांगल्या मनाने केलं. दर सहा महिन्यांनी बाईने सहीसाठी दाराशी ताटकळत का उभं राहावं? तेवढीच तिची खेप वाचावी. मग आज सकाळी फळ्यावर सूचना लागली की मूळ फायली पडताळणीला पाठवा, आणि त्यांची पाचावर धारण बसली. निवृत्तीला दोन महिने. निरोपसमारंभात कुणी बाराव्या फॉर्मविषयी बोललं असतं तर?

"आणि तिची सहा वर्षं पाचला जातायत, ते?"

"ते मला तुम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हतं. मग कळलं, पण तोवर मी फाईलवर बसलेलो होतो." सर खाली बघून म्हणाले, "उठायला धीर होईना."

समासबाईंनी बारावा फॉर्म फाईलमधून काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. तो फाडा, त्या म्हणाल्या, आणि कोरा घ्या. आज लिहा, आजची तारीख घाला. पण आधी वाचा.

"दोनशे सहा पानं आहेत. साडेतीन वाजलेत."

"शेवटचं प्रकरण पस्तीस पानांचं आहे. मी मोजलंय."

शेवाळताईंनी एक प्रत टेबलावर ठेवली. पुढचा पाऊण तास त्या खोलीत पानं उलटल्याखेरीज आवाज नव्हता. समासबाई उभ्या, शेवाळताई उभ्या. ठीकसरांनी मध्ये एकदा चष्मा पुसला, एकदा मागचं पान परत काढलं, एकदा उठून खिडकीतून उत्तरेच्या भिंतीकडे बघून आले.

"खिडकीपाशी ते थांबतं ते काचेच्या उष्णतेमुळे," ते अखेर म्हणाले. "मला वाटायचं उजेडामुळे. वर्गात तीस वर्षं मी उजेड शिकवतोय." त्यांनी शेवाळताईंकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट. "हे केव्हा केलंस तू?"

"तुमच्याकडे प्रकरणं वाचायला दिलेली असायची ना सर, तेव्हा."

नव्या फॉर्मवर सरांनी 'समाधानकारक' लिहिलं. मग पुढे, कुठल्याही फॉर्मवर पहिल्यांदाच, स्वतःच्या हाताने 'आहे' लिहिलं.

प्रकरण आठवं : संशोधनाच्या मर्यादा

कुलसचिवांकडे जाताना समासबाई वाटेत दोनबोट्यांपाशी थांबल्या. विग्रह झाला होता, फाईल मिळाली होती, पण मधली रेघ कुणी खाल्ली एवढं राहिलं होतं, आणि त्यांना अर्धवट मोजलेलं पान आवडत नसे.

दोनबोट्यांनी आपल्या स्क्रीनच्या कडेला बोट दाखवलं. तिथे एक कागद चिकटवलेला होता. 'डावा समास दीड इंच. अपवाद नाही.' खाली सही.

"तुम्हीच मागल्या महिन्यात दिलात. कचेरीतून निघणाऱ्या प्रत्येक कागदाला लागू, म्हणालात. फॉर्मचा समास होता एक इंच. अर्धा इंच आणायचा कुठून? मग सात आणि आठ हे रकाने मी एकत्र घेतले. मथळा मावेना, तो काढला. विचारायला आलो होतो तुमच्याकडे." दोनबोटे ओशाळले. "तुम्ही कागदाकडे बोट दाखवलंत."

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. समासबाईंनी पट्टीने अहवालाचा डावा समास मोजला. बरोबर दीड इंच भरला.

कुलसचिवांनी फाईल पाहिली, छटांचं पुस्तक पाहिलं, यादी पाहिली. पेनाचं टोपण निघालेलं होतं. ते भले गृहस्थ होते, पण चूक निघाली की ती कुणाच्या तरी नावावर घातल्याशिवाय त्यांना पुढचा कागद दिसत नसे. त्यांनी विचारलं, ही कुणाची? मॅडमनी ठीकसरांकडे पाहिलं. ठीकसरांनी छताकडे. दोनबोट्यांनी आपल्या दोन बोटांकडे. 'संगणकीय बिघाड' हे दोन शब्द खोलीत सगळ्यांच्या जिभेवर होते, आणि समासबाईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

त्यांनी पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"माझी," त्या म्हणाल्या. "अर्ध्या इंचाची."

यादी फाटली. पाचला तीन मिनिटं असताना पाचही प्रतींवर शिक्के बसले आणि बेचाळीस जणांना, आपल्याला काय होणार होतं हे न कळताच, नेहमीसारखं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला यायला मिळालं. दीर्घायूचा खरा अहवालही त्याच ओघात निघाला. त्याच्यापुढे अठरा वेळा 'समाधानकारक' आणि अठरा वेळा 'रजा: आहे' असं वेगवेगळं छापून आल्यावर त्याने त्याला हरकत घेणारा अर्ज लिहायला घेतला. रात्रीपर्यंत तो चौदा पानं झाला होता.

बाहेर शेवाळताईंनी निळा रुमाल पिशवीत टाकला आणि वडिलांना फोन लावला. पलीकडून प्रश्न यायच्या आधीच त्या म्हणाल्या, "झालं."

"काय झालं?" मास्तर म्हणाले. "वाक्य पूर्ण कर."

समासबाई आपल्या खिडकीशी आल्या. काचेवरचा कागद त्यांनी नखाने सोलायला घेतला, पण डिंक जुना होता. सगळा निघाला नाही. शेवटचा शब्द आणि खालची सही तेवढी निघाली. शेवाळताई निरोप घ्यायला आल्या तेव्हा काचेवर 'डावा समास दीड इंच. अपवाद' एवढंच उरलं होतं.

"पान एकशे त्रेचाळीस," समासबाई काच पुसता पुसता म्हणाल्या. "परवा मी शिक्का मारला, पण ते अजून एक सूत कमीच आहे. सांगून ठेवते. जा आता, पोरीला सांग काका बरे झाले म्हणून."

मग त्यांनी पायाने आपल्या टेबलाचा तो खालचा, सुतळीच्या गठ्ठ्याचा खण आत ढकलला. तो नेहमीप्रमाणे अर्ध्यात अडला.

परिशिष्ट

एकोणीस वर्षांपूर्वी, आई आजारी असताना समासबाई एक सहामाही विद्यापीठात आल्या नव्हत्या. रजेचा रकाना कोरा राहिला, म्हणून गैरहजेरी विनापरवानगी ठरली आणि त्यांची पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली.